कोकराची गोष्ट

"कोकराचं तेवढं विसरू नका, बाबा," मुलगा म्हणाला. "आणि डोळ्यांचं सांगताना जरा थांबा. घाई करू नका."

दादा अळंबी फाडत होते. लांब दांड्याची, अंगठ्याहून जाड अळंबी. सुरीने कापली तर तिची नुसती भाजी होते. हाताने रेषेरेषेने फाडली तरच सुकल्यावर दाताखाली ओढ लागते. त्यांनी मान हलवली. आधी कोकरू, मग डोळे, मग थांबायचं.

दुपारी मोठ्या दुकानांसाठी माल खरेदी करणारी बाई येणार होती. तिने होकार दिला की ही सुक्या अळंबीची पाकिटं गावोगावच्या दुकानांत लागणार होती. मुलाने सकाळपासून तीन शर्ट बदलले होते.

दादांचं याच जागेत मटणाचं दुकान होतं. अख्ख्या रस्त्याला ते दादाच. त्यांची ख्याती ताज्या मटणापेक्षा सुक्या पट्ट्यांची जास्त. लांबच्या पल्ल्याचे ट्रकवाले वाट वाकडी करून पट्ट्या न्यायला यायचे. दादा कापायचे, बायको मीठ, मिरी आणि व्हिनेगर चोळून त्या मागच्या खोलीत तारेवर टाकायची, दिवसातून कितीदा तरी उलटायची. दोघं फारसं बोलत नसत. बोलायला लागत नसे. तिने नुसता हात पुढे केला तरी त्यांना कळायचं, पट्टी जाड झालीय.

मग बोटं गेली. गार मांसात हात घालून घालून त्यांतली जाणीवच संपत आली. एकदा सुरी बोटात खोलवर शिरली आणि दादांना ते कळलं फरशीवर रक्त दिसलं तेव्हा. क्षणभर त्यांना वाटलं, मटणाचंच आहे. डॉक्टरांनी सुरी सोडायला सांगितली, त्यांनी सोडली. एवढंच झालं होतं. कोकरू वगैरे काही नव्हतं.

मुलाला बापाचा धंदा कधीच सोसला नाही. शाळेत पोरं नाक दाबून दाखवायची म्हणून तो घराचा रस्ताच बदलून यायचा. मोठा झाल्यावर त्याने मांस सोडलं, मग दूधही. दोन धंदे केले, दोन्ही बसले. तिसऱ्यांदा तो व्हीगन जर्कीची कल्पना घेऊन आला, तेव्हा दादांना आधी तो शब्दच कळला नाही. सूनबाईने समजावलं, "म्हणजे तुमच्या सुक्या पट्ट्याच, बाबा. फक्त मांसाशिवाय."

"म्हणजे पाण्याशिवाय विहीर," दादा म्हणाले होते.

पहिली खेप चपलेच्या तळव्यासारखी झाली. दुसरी करपली. तिसऱ्या दिवशी कोणी न सांगता दादा ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. सोया सॉस, ठेचलेला लसूण, जरासा गूळ, धुरी दिलेल्या मिरचीची पूड. पट्ट्या रात्रभर त्यात मुरवायच्या आणि मंद भट्टीत दार किंचित उघडं ठेवून सुकवायच्या, म्हणजे वाफ कोंडत नाही. बायकोने तारेवरचंच काम भट्टीत सुरू केलं. ट्रे फिरवायचे, पट्ट्या उलटायच्या, चिमटीत धरून वाकवून बघायच्या. वाकली पाहिजे, तुटता कामा नये. सूनबाई त्या बारीक कापून तेलात कुरकुरीत करायची आणि सूपवर टाकायची, भातात परतायची, पावात कोबीबरोबर भरायची. लोक दुकानात उभ्या उभ्या शेंगदाण्यासारख्या चघळायचे आणि जाताना दोन पाकिटं न्यायचे. धंद्याने मूळ धरलं.

पण मुलाला नुसत्या चवीवर भरवसा नव्हता. एका प्रदर्शनात दादा पडद्यामागे खोकी उतरवत असताना त्यांना मुलाचा आवाज ऐकू आला. तो गिऱ्हाइकांना सांगत होता की त्याचे वडील खाटीक होते. एके दिवशी सुरीखालच्या कोकराने त्यांच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या हातातून सुरी गळाली आणि ते लहान मुलासारखे रडले.

दादा बाहेर आले तेव्हा मुलाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "हेच माझे वडील," तो म्हणाला.

त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. चारचौघांत या पोराने आपल्याला बाप म्हणून दाखवलं, असं आजवर घडलं नव्हतं. परतताना त्यांनी विचारलंही, की बाबा रे, मी कधी रडलो? मुलगा म्हणाला, गोष्ट आहे, कुणाचं काय बिघडतं? दादांनाही तेव्हा वाटलं, कुणाचं काय बिघडतं. घरी बायकोला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

खरेदीवाली बाई आली ती बरोबर दोघांना घेऊन. तिने पट्टी चघळली, सूप चाखलं, अजून एक पट्टी मागून घेतली. मग ती दादांकडे वळली. मुलाने बारीकशी मान हलवली.

दादांनी सांगितलं. डोळ्यांपाशी थांबायचं म्हणून थांबले, तर दुकान इतकं शांत झालं की त्यांना भट्टीची घरघर ऐकू आली. हात थरथरले होते, असं त्यांनी पदरचं घातलं. बाईचे डोळे पाणावले. तिने हळूच विचारलं, "आणि तुमच्या पत्नी? त्यांनाही हे काम करावं लागायचं?"

याचा सराव झाला नव्हता. बायको भट्टीपाशी ट्रे धरून उभी होती. मुलगा दादांकडे बघत होता, तसं त्याने लहानपणी जत्रेत खेळण्याकडेही कधी बघितलं नव्हतं.

"ती तर रोज रडायची," दादा म्हणाले. "मीठ लावता लावता."

बायकोने ट्रे खाली ठेवला. आवाज झाला नाही. बाईने पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि तिने ते घेऊ दिले.

होकार त्याच दिवशी मिळाला. मुलाने बापाला मिठी मारली, सूनबाईने पेढे... नाही, ते दुधाचे. तिने खजूर वाटले. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि समोर बसली.

"मी कधी रडले?" तिने विचारलं.

"अगं, पोरासाठी..."

"पोरासाठी तुम्ही स्वतःला रडवलंत, ते तुमचं तुम्ही बघा. माझं रडणं का विकलंत?"

ती पुढे म्हणाली की तिचे हात खरखरीत व्हायचे, मिठाने चिरा पडायच्या, पोरगा तिच्या हातचा घास घेताना तोंड फिरवायचा. तरी ती रडली नव्हती, कारण तिला ते काम आवडायचं. चांगलं जमायचं म्हणून आवडायचं. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण एका माणसाला ते माहीत आहे अशी तिची समजूत होती.

तिने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकानात आली, ट्रे फिरवले. फक्त पट्टी जाड झाली तर आता ती हात पुढे करत नसे. बाजूला काढून ठेवायची.

पाकिटावर दादांचा फोटो आला, खाली दोन ओळींत कोकरू आलं. लोक लांबून त्यांना बघायला येऊ लागले. सांगून सांगून गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की एकदा पहाटे जाग आल्यावर दादांना ते कोकरू स्पष्ट आठवलं. कपाळावर पांढरा ठिपका होता. आपण त्याला खरंच मारलं होतं की सोडून दिलं होतं, हे आठवायला ते अंथरुणात बराच वेळ पडून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, कोकरू कधी नव्हतंच. शेजारी बायको जागी होती. तिला सांगावंसं वाटलं, पण काय म्हणून सांगणार?

थंडी सुरू झाली तेव्हा एक जुना ट्रकवाला आला. गुडघे गेले होते, दाढी पिकली होती. दुकानात गिऱ्हाइकं होती म्हणून तो बाजूला थांबला. दादांनी त्याला पट्टी दिली. त्याने ती सावकाश चघळली, चांगली आहे म्हणाला. मग पाकीट उलटसुलट करून ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"दादा," तो म्हणाला, "घाटात गाडी बंद पडली तेव्हा तीन दिवस तुमच्या पट्ट्यांवर काढले मी. घरी पोरांना अजून सांगतो. ते पाप होतं का हो?"

गिऱ्हाइकं बघत होती. मुलगा गल्ल्यापाशी ताठ झाला. दादा हातातल्या अळंबीकडे बघू लागले.

बायको आतून आली. तिने एप्रनला हात पुसले.

"पाप कसलं?" ती ट्रकवाल्याला म्हणाली. "मी माझ्या हाताने मीठ लावायचे त्याला. चांगलं असायचं ते. तुम्हाला जास्त मिरीचं लागायचं ना? वेगळं काढून ठेवायचे मी तुमच्यासाठी."

"हो, जास्त मिरीचं," ट्रकवाला म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला.

ती त्याला सोडायला गाडीपर्यंत गेली. काचेतून दिसत होतं, तो काहीतरी हातवारे करून सांगत होता आणि ती हसत होती, तोंडावर हात न धरता.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "त्या कोण?"

दादांनी मान वर केली. पण मुलगा आधीच बोलून गेला होता.

"आत मदतीला असतात," तो म्हणाला, आणि पाकिटं पिशवीत भरू लागला.

दादांनी पुढची अळंबी उचलली आणि रेषेरेषेने फाडायला घेतली. बाहेर ट्रक वळणाआड गेला होता. ती अजून तिथेच उभी होती, आत यायची तिला घाई दिसत नव्हती.