सारिकेचं पुढं काय झालं

सहदेव अवसरमोल यांना खोटं खपत नसे. कृषी सहायक म्हणून तेहतीस वर्षं नोकरी केली, पण पंचनाम्यात कुणाचं नुकसान एक गुंठा जास्त लिहिलं नाही की कमी लिहिलं नाही. निवृत्त होऊन सुलतानपुरात परत आले आणि विहाराशेजारच्या वाचनालयाचे सचिव झाले, तिथंही हाच खाक्या. कथा-कादंबऱ्यांनी भरलेली दोन कपाटं पाहून त्यांचं डोकंच फिरलं. न घडलेल्या गोष्टी, त्याही नसलेल्या माणसांच्या! त्यांनी ठराव मांडला, मंजूर करून घेतला, कादंबऱ्या पोत्यांत भरून रद्दीच्या टेम्पोत घातल्या आणि त्या जागी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं लावली. उगाच नावं कशाला ठेवा, फळही मिळालं. पाच वर्षांत गावातली तीन पोरं पोलिसात लागली, एक मुलगी तलाठी झाली. सहदेवराव छाती काढून चालू लागले.

टेम्पो भरत होता तेव्हा त्यांची बायको रुख्मिणी रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती. शेवटचं पोतं चढेपर्यंत ती हलली नाही. त्यांना वाटलं, जेवायला बोलवायला आली असेल.

यंदा तुरीला शेंगा धरल्या त्या दिवसांत रुख्मिणी धुणं वाळत घालता घालता अंगणात कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मेहकरच्या एका दवाखान्यात अठरा दिवस काढून तिला घरी आणली. डॉक्टर निघताना म्हणाले, "त्यांना गिळता येतं, पण त्या तोंडच उघडत नाहीत. असंच चाललं तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. आणि यांच्या छातीची अवस्था बघता पुन्हा नळी..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं. सहदेवरावांना अर्धवट वाक्य आवडत नसे, पण हे त्यांनी पुरं करायला लावलं नाही.

त्यांनी लकव्यावरचं पुस्तक मागवलं, दोनदा वाचलं, खुणा केल्या आणि खाटेशेजारी बसून वाचून दाखवायला सुरुवात केली. "हे पाह्य, इथं लिहेल हाये. अशा पेशंटनं दर दोन तासाले खाल्लं पाह्यजे. खाय वं." रुख्मिणी भिंतीकडं बघत राहायची. चमचा तिच्या दातांवर आपटून पेज हनुवटीवरून ओघळायची.

मग लोणारहून त्यांची मुलगी समता आली. ती शाळेत शिक्षिका. येताना शाळेच्या कपाटातली पुठ्ठा गेलेली एक कादंबरी तिनं पिशवीत घातली होती. आईच्या उशाशी बसून ती वाचू लागली. पुष्पांजली नावाच्या पोरीचा भाऊ घर सोडून गेलेला असतो आणि ती गावोगाव त्याला शोधत फिरत असते, अशी ती गोष्ट. दुसऱ्या पानाच्या खाली रुख्मिणीचे ओठ जरासे उघडले. समतानं हळूच चमचा लावला. आठ पानं झाली तेव्हा वाटी रिकामी होती. चार दिवसांत मायलेकींच्या खुणाही ठरून गेल्या. डोळे मिटले की हो, मान हलली की नाही.

रविवारी समताला परत जाणं भाग होतं. तिनं पुस्तक वडिलांच्या हातात दिलं. "बाबा, रोज आठ पानं. आईनं घास गिळला का मंगच पुढचं वाचा. घाई करू नका."

आता सरकारी नोकरीत परिपत्रक वाचायची एक रीत असते. सुरुवातीला संदर्भ, मग प्रस्तावना, मग इकडचं तिकडचं; खरा आदेश असतो शेवटच्या परिच्छेदात. म्हणून जुना माणूस परिपत्रक हातात आलं की आधी शेवट बघतो. सहदेवरावांनी तेहतीस वर्षं तेच केलं होतं. सोमवारी सकाळी त्यांनी कादंबरी उघडली ती शेवटच्या पानावर, आणि त्यांना बायकोची दया आली. बिचारी आधीच खाटेला खिळलेली, त्यात तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा?

"काळजी नको करू," ते मायेनं म्हणाले. "तो भाऊ मेलेला हाये. नदीत सापडते. पान दोनशे चाळीस."

रुख्मिणीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेला कसलंही नाव देता येईना. मग तिनं तोंड मिटलं. त्यांनी इमानदारीनं पुढची आठ पानं वाचून दाखवली, आवाज चढवला, आवाज पाडला. तोंड उघडलं नाही. मंगळवारीही नाही. त्या दोन दिवसांत चार घोट पाणी तेवढं पोटात गेलं. मोबाइलवर कुणाची तरी गोष्ट लावून पाहिली. पण मोबाइल काही घास गिळेपर्यंत थांबत नाही. तो आपला बडबडत सुटला आणि तिनं भिंतीकडं मान वळवली.

त्यांनी समताला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"बाबा, तुमी असं काऊन केलं?"

"मी खोटं थोडीच सांगतलं?"

"आईले त्या पोरीसंगं चालत जायचं होतं बाबा. तुमी तिले एकदम मुक्कामावर नेऊन सोडलं." मग ती रडू लागली. "रविवारी दुसरी घेऊन येतो. तवरलोक पोटात काहीतरी जाऊ द्या तिच्या."

रविवार चार दिवस लांब होता. बुधवारी सकाळी सहदेवराव वाचनालयात गेले. सामान्य ज्ञान, अंकगणित, चालू घडामोडी, पोलीस भरती. ग्रंथपाल प्रेमानंद टेबल पुसत होता. कादंबरी मागायला त्यांची जीभ रेटेना.

"एखादी कादंबरी असन का रे? कोन्तीबी."

"काका, त्या त तुमच्याच ठरावानं गेल्या नं." प्रेमानंदनं फडकं खाली ठेवलं. "मावशी दुपारी रोज येत होती. टेम्पो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीबी आली. कपाट पाह्यलं, थोडं बसली. मंग नाही आली कधी."

रोज दुपारी! सहदेवरावांना पत्ताच नव्हता. दुपारी त्यांची झोपायची वेळ. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायको रोज कुठं जाते हे त्यांना गावच्या ग्रंथपालानं सांगावं? त्यांना लाज वाटली, इतकी की प्रेमानंदचा निरोपही न घेता ते पायरी उतरले.

घरी येऊन ते खाटेशेजारी बसले. पेज गरम केली, वाटी हातात घेतली. वाचायला काही नव्हतं. तिच्या गालांचे खड्डे त्यांना दिसत होते. भीती अशी दाटून आली की त्यांनी तोंड उघडलं आणि जे यायचं ते आलं.

"सुलतानपूर येथे एक महिला राहत होती. वय अंदाजे बासष्ट. नाव... नाव सारिका."

रुख्मिणीच्या ओठांचा डावा कोपरा हलला. हसली होती ती, पंचनाम्यालाच हसली असणार. पण ओठ उघडले होते. सहदेवरावांनी चमचा आत सरकवला.

खोटं बोलायचा सराव नसलेल्या माणसाचे हाल कुत्रा खाईना. सारिकेला दोन लेकरं दिली, एक म्हैस दिली, म्हैस आजारी पाडली, बरी केली. नवरा मात्र त्यांनी हातचं न राखता दिला: सरळमार्गी, निर्व्यसनी, गावात मान असलेला. पहिल्या दिवशी अर्धी वाटी गेली. दुसऱ्या दिवशी पाऊण.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मंग सारिका यष्टीत बसली अन् लोणारले गेली."

रुख्मिणीची मान हलली. नाही.

"नाही गेली? गाडी चुकली?"

नाही.

"कोनं जाऊ देलं नाही?"

डोळे मिटले.

"नवऱ्यानं?"

डोळे पुन्हा मिटले. सहदेवराव चमचा धरून बसले. समता तीन वर्षांची असताना लोणारला अंगणवाडीच्या कामासाठी मुलाखत होती. अर्ज रुख्मिणीनं स्वतः भरला होता, छान अक्षरात. "घरी काय कमी हाये तुले?" असं म्हणून त्यांनी तो कागद घडी घालून ठेवून दिला होता, आणि तो विषय त्यांच्या लेखी तिथंच संपला होता.

रविवारी समतानं दोन नव्या कादंबऱ्या आणल्या. तिनं पहिली उघडली, तर आईनं मान हलवली आणि डाव्या हाताचं बोट नवऱ्याकडं दाखवलं. समता बघतच राहिली.

तेव्हापासून गोष्ट दोघांची झाली. त्यांनी सांगायचं, तिनं हो किंवा नाही म्हणायचं. सारिकेला म्हशीचा कंटाळा होता, हे त्यांना तेव्हा कळलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती विहिरीपर्यंत जाऊन परतली होती, हेही कळलं. तो प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, दोन्ही वेळा तिचे डोळे मिटले. रोज वाटी रिकामी होत होती. तिच्या गालावर रंग येत होता आणि सहदेवरावांची झोप उडत चालली होती. पंचनामा नुकसानभरपाईसाठी करतात. ही भरपाई कुणाकडं मागायची?

नवव्या दिवशी त्यांना वाटलं, आज काहीतरी बरं सांगावं. निम्मी वाटी झाली होती.

"काईबी म्हना," ते म्हणाले, "सारिकेचा नवऱ्यावर जीव मात्र लई होता."

मान हलली.

त्यांना वाटलं, उशी सरकली असेल. त्यांनी उशी नीट केली.

"म्हंजे, भांडनं होत असतीन. पन जीव होता."

मान हलली.

"थोडा तरी?" त्यांनी विचारलं. आता ते गोष्ट सांगत नव्हते, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. "येवढ्या वर्सात, थोडा तरी होता का वं?"

रुख्मिणीनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मग तिनं मान डावीकडून उजवीकडं, आणि परत डावीकडं, सावकाश नेली.

अंगणात कुणाची तरी कोंबडी शिरली होती. सहदेवरावांनी तिला हाकललं नाही. ते वाटीत बघत बसले. पेजेवर साय धरू लागली. उठून जावं, समताला फोन करून सांगावं की आता तूच ये, असं त्यांच्या मनात आलं.

खाटेवर हालचाल झाली. रुख्मिणीनं तोंड उघडलं होतं. तिला पुढचं ऐकायचं होतं.

सहदेवरावांनी साय बाजूला केली, चमचा भरला आणि तिच्या ओठांशी नेला.

"मंग," ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका उठली, अन् तिनं नवऱ्याले च्या करून देला."

रुख्मिणीनं घास गिळला आणि डोळे मिटले.