ओढ्यावरचा शेवटचा स्लीपर

मित्रांनो, मी एक जुना सागवानी स्लीपर आहे. रेल्वेच्या रुळांखाली आडवे टाकलेले लाकडी ठोकळे तुम्ही पाहिले असतील, त्यांतलाच एक. आम्ही निवांत पडलेले असतो, अशी लोकांची समजूत. मला ते कधी जमलं नाही. ज्याच्या अंगावरून रोज गाडी जाते, त्याला पुढच्या गाडीची धास्ती असतेच. पुढं गाड्या बंद झाल्या, पण धास्ती काही गेली नाही.

झाड होतो तेव्हाचं आता नीट आठवत नाही. आठवते ती करवत, आणि नंतर काळ्या कढत तेलात दिलेली बुडी. त्या तेलानं माझी कातडी अशी टणक झाली, की किडीनं वर्षानुवर्षं तोंड लावलं नाही. परतूरच्या अलीकडं दगडाची एक खाण होती. तिथून मोठ्या लाईनीपर्यंत फाटा टाकला, तेव्हा मला ओढ्याच्या काठी भरावावर बसवलं आणि अंगात चार खिळे ठोकले. दगडांनी भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, माझ्यावरून धडधडत जाऊ लागल्या.

या फाट्याचा चावीवाला होता भिवा. रोज सगळी लाईन पायी चालून तपासायची, हे त्याचं काम. माझ्यापाशी आला की लांब दांड्याच्या हातोड्यानं एक टोला द्यायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. मी खणखणीत वाजलो की म्हणायचा, "बराबर हाये गड्या." एवढी शाबासकी मला दिवसभर पुरायची. वीस-बावीस वर्षं ती मिळत राहिली.

मग खाण बंद पडली. रूळ गेले, स्लीपर गेले, ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं लोखंडही गेलं. तिथं चार-पाच फुटांची खिंड उरली. खाली पुरुषभर खोल, नुसते दगडगोटे. पलीकडच्या वस्तीवरच्या बायकांनी बाजाराला यायचं कसं, म्हणून भिवानं रेल्वेच्या साहेबाला विनवून दोन स्लीपर मागून घेतले आणि खिंडीवर शेजारी-शेजारी टाकले. त्यांतला एक मी. रेल्वेच्या रस्त्याची पायवाट झाली. लोक काही दिवस भिवाचं नाव काढत, मग विसरले. तोही नोकरीतून सुटून परतूरला राहायला गेला.

बहात्तरच्या दुष्काळात माझा जोडीदार कुणीतरी सरपणाला नेला. मी एकटा उरलो. खिळे उपटलेली चार भोकं आभाळाकडं तोंड करून होती. त्यांतून आधीच्या पावसाळ्यांत पाणी आत उतरलं होतं, पाण्यामागून वाळवी आली. वर काळी कातडी शाबूत आणि आत भुगा! कुणी पाय ठेवला की मला आतली करकर ऐकू यायची. वाटायचं, आता मोडलो. पण ओरडून सांगणार कसं?

दुष्काळ सरला. पुढच्या वर्षी ज्वारी डोक्याइतकी झाली. त्या थंडीत एका सकाळी भिवा घरच्यांना घेऊन हुरड्याला निघाला. पलीकडच्या रानात त्याचा दोस्त कडूबा आगटी पेटवून वाट बघत होता. बरोबर बायको साळूबाई, मुलगा वसंता, सून बेबीनंदा आणि तिच्या कडेवर सहा महिन्यांची लेक.

भिवाला सगळ्यांना आपली लाईन दाखवायची होती. इथं सिग्नल होता, इथं भराव खचला होता, असं तो थांबून थांबून सांगे. वसंता शहागडला ट्रकवर ड्रायव्हर होता. संध्याकाळी त्याला गाडी घेऊन निघायचं होतं.

"बा, दिवस इथंच बुडवतूस का? चाल जल्दी."

"चालूनच तर राह्यलो. तुझी माय बी मागं हाये."

ते माझ्यापाशी पोचले. बेबीनंदानं पदर खोचला आणि माझ्यावर टाकायला पाऊल उचललं.

"थांब पोरी!" भिवा ओरडला. पुढं होऊन त्यानं हातातली काठी माझ्या मध्यावर हाणली. मित्रांनो, माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो भद्द वाजला. भिवाचा चेहरा उतरला.

"पोकळ झालंय हे. याच्यावरून कुणी जायचं न्हाई. खाली उतरून जाऊ."

वसंता हसला. "सारी वस्ती याच्यावरून जाऊन राह्यली. बघ की, लोखंडावानी हाये."

"वरून."

"बा, लाईन गेली, तुझी ड्युटी बी सरली. आता तरी सोड." असं म्हणून त्यानं बायकोच्या कडेवरची लेक स्वतःकडं घेतली. "आण, मी नेतो हिला."

भिवा माझ्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहिला. तो हलला नाही.

"पोरगी माझ्यापाशी दे. मंग तुला काय करायचं ते कर."

"दे रं बाबा," साळूबाई काकुळतीला आली.

वसंतानं चिडून लेक बापाच्या हातात दिली, हुरड्याबरोबर खायला आणलेलं दह्याचं मडकं उचललं आणि दणदण पावलं टाकत माझ्यावर चढला. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. दुसऱ्याच पावलाला माझ्या कमरेत काहीतरी सुटलं, आणि मी त्याच्यासकट खाली गेलो.

मडकं फुटलं. वसंताचा घोटा मुरगळला, नडगी फाटली. भिवानं लेक सुनेच्या हवाली केली आणि उतारावरून घसरतच तो खाली आला. रागावला नाही. खांद्यावरचं उपरणं फाडून त्यानं जखम बांधली. वसंता माझ्या मोडलेल्या अंगातून गळणाऱ्या भुग्याकडं बघत होता.

"बा, पोरगी माझ्या हातात होती," तो म्हणाला. पुन्हा तेच म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

"मीच टाकलं होतं हे इथं," भिवा म्हणाला. "दोन वर्सं बघायला आलो न्हाई. चूक माझी बी हाये."

कडूबानं हुरडा ओढ्यावरच आणून दिला, पण तो तसाच फडक्यात राहिला. वसंताची गाडी त्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली.

पंधरा दिवसांनी वसंता लंगडत आला. बंद खाणीतून एक लांब दगडी शिळा त्यानं कडूबाच्या बैलगाडीत घालून आणली होती. वस्तीवरच्या माणसांनी ती खिंडीवर चढवली. भिवा काठावरून सांगत होता तशी त्यांनी ती बसवली. माझे तुकडे चुलीला न्यावेत असं कुणीतरी म्हणालं, तर वसंतानं नेऊ दिले नाहीत.

तेव्हापासून मी ओढ्यात पडून आहे. वरून माणसं जातात, शेरडं जातात. शंभर वर्षं हलणार नाही, असं शिळेचं कौतुक करतात. मला इथून तिची खालची बाजू दिसते. गेल्या पावसाळ्यात तिच्या उजव्या टेकूखालची मूठभर माती वाहून गेली. यंदा तिथं कोनाड्याएवढी पोकळी झाली आहे. भिवाला आता चालवत नाही, आणि मला बोलता येत नाही. मित्रांनो, या वाटेनं कधी आलात तर कितीही घाई असो, घटकाभर ओढ्यात उतरा, वाका, आणि एकदा खालून बघा.