पुढचा दांडा

गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा दांडा पंढरीच्या घराण्याचा. बापाचा, आज्याचा, त्याच्याही आधीच्या कुणाकुणाचा. डोंबिवलीच्या खाडीकाठचं ते आगऱ्यांचं गाव. चैत्रात जत्रा भरली, की पालखी देवळातून निघून आधी बंधाऱ्यावर जायची, देवीला खाडीचं पाणी दाखवायला. तिथं चौघा गड्यांनी पालखी खांद्यावर ठेवूनच उकिडवं बसायचं, पुजाऱ्याचं पाणी शिंपडून होईतो तसंच थांबायचं, आणि भुईला हात न लावता उठायचं. हात लागला त्याचा दांडा गेला. मागच्या गड्याकडे, कायमचा.

गेल्या साली पंढरीचा हात लागला नव्हता, पण लागता लागता राहिला होता. गुडघ्यात कळ अशी आली, की पालखी कलली आणि देवीच्या गळ्यातला मोगऱ्याचा हार घसरून पाटावर आला. सगळ्या गावानं पाहिलं. जत्रेचे वडीलधारे गोमाजीदादा रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

"पंढरी, पन्नाशी आली रं. आता काळुरामला दे दांडा."

"एक साल द्या, दादा. पुढच्या चैत्रात नाय जमलं, तर मीच देईन त्याच्या हातात."

काळुराम म्हणजे चुलतभाऊ, मागच्या दांड्याचा गडी. तो नुसता मिशीत हसला.

आता पंढरी एके काळचा कबड्डीपटू. पाटकर मैदानापासून कल्याणच्या सुभाष मैदानापर्यंत त्याची चढाई गाजलेली. अशा माणसाला दुखण्यावर एकच इलाज ठाऊक: दुखतंय तर अजून बैठका मार. एमआयडीसीतल्या कारखान्यातून सुटला, की खळ्यात जाऊन घाम गळेपर्यंत बैठका. पावसाळा सरता सरता गुडघा नारळाएवढा सुजला. संडासाला बसायचं तर भिंत धरायची वेळ आली.

"तुमी गुडघ्याशी भांडून जिंकनार हाव काय?" मंजुळा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ठाण्याला हाडांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून पाहिला. "बिजागरी अजून चांगली आहे तुमची. चौकट ढिली झालीय. मांडी म्हणजे चौकट. ती घट्ट करा. खालपर्यंत बैठका बंद. सूज उतरली की खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचा, घोट्याला थोडं वजन बांधून. जमेल तसं वजन वाढवायचं. आणि पोट कमी करा."

"बस्स? एवढंच?" पंढरीला जरा अपमानच वाटला. खुर्चीत बसून कसला आलाय व्यायाम! तो तर म्हाताऱ्यांचा चाळा.

पण मंजुळेनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात मीठ बांधलं, त्याच्या घोट्याला गाठ मारली आणि ओसरीवर खुर्ची ठेवली. मोजायचं तिला जमेना, म्हणून तिनं ओवी धरली. ओवी चालू तोवर पाय वर, ओवी संपली की खाली.

*उचल पाय राया, खाडी गं भरती येते,*
*माझ्या दाराचा खांब, कोन त्याला वाकविते?*

ओवी लांबत गेली, तशी मिठाची पुरचुंडी जड होत गेली. भाताचा ढीग अर्धा झाला. ताटातलं सुकं बोंबील तेवढं राहिलं, त्यावर डॉक्टर काही बोलले नव्हते.

एकदा काळुराम कुंपणापाशी थांबला. "काय रं पंढऱ्या, पायाला मीठ बांधून नजर उतरवतोस काय?"

"तुझीच लागलीय," मंजुळा आतून ओरडली. "दांड्यावरची!"

काळुराम हसत गेला. त्याच्या खळ्यातून बैठकांचे हुंकार रोज ऐकू येत. पंढरी मान खाली घालून पाय उचलत राही. लाज वाटे. मग हळूहळू लाज वाटेनाशी झाली, कारण एका सकाळी तो भिंत न धरता उठला आणि उठल्यावरच ते त्याच्या ध्यानात आलं. पुढं पुढं तर तो रिकामा दांडा खांद्यावर घेऊन बसू-उठू लागला: पाय रुंद, पाठ ताठ, सगळा भार टाचेवर.

चैत्र आला. बंधाऱ्यावर माणूस मावेना. ढोल थांबला आणि चौघे सावकाश खाली बसले. पंढरीच्या गुडघ्यात कुरकुर झाली, पण मांडीनं भार झेलला. पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं. ढोलावर टिपरी पडली.

पंढरी उठायला लागला आणि मागून दांडा ओढल्यासारखा झाला. काळुराम अर्ध्यातच अडकला होता. "पंढऱ्या," तो दबक्या आवाजात म्हणाला, "गुडघा... नाय उठत रं."

आता पंढरी पुरता उठला असता, तर भार मागं जाऊन काळुरामचा हात भुईला लागला असता. तो अर्ध्यात थांबला, तसे डावीकडचे दोघंही थांबले. ना खाली, ना वर. माणसाच्या मांडीला सगळ्यात अवघड त्या जागी. पालखी तसूभर कलली नाही. मांड्या थरथरल्या, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

"काळ्या, पुढं झुकू नको. पाय पसर. टाच रोव. रोवलीस?"

"हां."

"मग आता माझ्याबरोबर. वर!"

चौघं एकदम उठले. पालखी पाण्यावरच्या होडीसारखी अलगद वर आली. देवीच्या गळ्यातला हार होता तिथंच होता. गावाला काही कळलं नाही. गावाला वाटलं, यंदा देवी जरा जास्त वेळ खाडी बघत राहिली.

पण मागे चालणाऱ्या गोमाजीदादांना सगळं ऐकू गेलं होतं.

बंधाऱ्यावरून पहिलं दार पंढरीचं. मंजुळा तांब्या घेऊन उभी. रीतीप्रमाणे तिनं पालखीच्या गड्यांच्या पायांवर पाणी घातलं. पंढरीच्या पायाशी तिचा ओला हात घोट्यावरून वर सरकला आणि गुडघ्यावर क्षणभर तसाच राहिला, सगळ्या गावादेखत. ती वर बघून हसली. आपल्या हाताने उभारलेल्या घराकडे बघावं, तशी.

गोमाजीदादा हसत पुढे झाले. "पंढरी, खांदा बदलतोस?"

मागून काळुरामच आधी बोलला, "कशाला बदलंल, दादा? त्यो पुढं हाय म्हनून आमी मागं उभं हाव."

पंढरीनं दांडा खांद्यावर नीट बसवला. "अजून सगळा गाव बाकी हाय, दादा," तो म्हणाला, आणि त्यानं पहिलं पाऊल टाकलं.