गयाबाईची सुई

तलमडुगू गावात भाजी पिकवणाऱ्या गयाबाईची बोटं सकाळी इतकी आखडत, की मेथीची जुडी बांधणं होईना. वात समजून तिनं वर्षभर तेल चोळलं. शेवटी आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "शरीरातली काही प्रथिनं निरोप पोचवतात. तुमच्यात ती शत्रू आल्याचा खोटाच निरोप देतात, म्हणून तुमचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर तुटून पडते. हे इंजेक्शन तो निरोप अडवतं."

घरी टोचायचं म्हणून नर्स गयाबाईच्या नवऱ्याला, केशवरावांना शिकवू लागली. त्यांनी सुई जवळ नेली आणि पुन्हा मागे घेतली.

"काऊन भेऊन राह्यले? आना इकडं, मीच टोचीन," म्हणत गयाबाईनं वाकड्या बोटांनी सुई धरली आणि मांडीत टोचली.

हळूहळू सूज उतरली. दुखणं मुळातून गेलं नाही, पण आता ती आपली वेणी आपणच घालते.