कमळाकरचा शोषखड्डा

पेणला कमळाकरच्या गणपतीच्या कारखान्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'पाण्यातही रंग सुटणार नाही. हमी.' विसर्जनासाठीच केलेल्या मूर्तीला ही हमी कशाला, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि स्वतःला काही विचारायची त्याला सवय नव्हती. 'हात देवाचा, डोकं प्लॅस्टरचं,' असं तो स्वतःबद्दल हल्ली सांगतो. पण ही अक्कल नंतरची. तेव्हा त्याला फक्त हाताचा तोरा होता.

शेत मात्र त्याच्या बायकोचं, वनिताचं. रामवाडीच्या मागचं हे भाताचं खाचर वडिलांनी तिच्या नावावर करून दिलेलं. लावणी-कापणी तीच बघायची. वरच्या अंगाला भराव पडल्यापासून डोंगराचं पाणी त्या खाचरात येऊन बसायचं आणि उठायचं नाव घ्यायचं नाही. भात कुजायचं. त्याच बांधावरची विहीर मात्र शिमग्याला ठणठणीत कोरडी. मागच्या पावसात लोंब्या चिखलात गेल्या तेव्हा वनिता म्हणाली, "आवंदा भात गेलं तर शेत मागतोय त्या प्लॉटवाल्याला व्हय म्हणते मी. किती वर्सं पाण्यात पेरू?"

ती रडली असती तर कमळाकरने समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून तो घाबरला.

कोलाडला तिच्या भावाने, हर्षदने, शेतात शोषखड्डा केला होता. मुरूम लागेपर्यंत खोल खणायचं, तळाला दगड, त्यावर खडी, त्यावर रेती. शेतात तुंबलेलं पाणी तिकडे वळवलं की ते गाळून जमिनीत उतरतं. शेत मोकळं होतं आणि विहिरीचे झरे उन्हाळ्यातही जागे राहतात. कमळाकर जाऊन बघून आला. खड्ड्यावर जाळी लावा, आत काही पडू देऊ नका, असंही हर्षदने बजावलं होतं. पण तेव्हा ताटात कोंबडी होती, त्यामुळे पाहुण्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

वाडीवरच्या सोमाने खड्डा खणून दिला, रेती अंथरली आणि म्हणाला, "झाला, शेठ. चला घरी."

पण कलाकार माणूस असा ओबडधोबड खड्डा टाकून घरी कसा जाईल? कमळाकरने काठ दगडांनी बांधला, उतरायला पायऱ्या केल्या, गेरूने रंगवल्या आणि दोन्ही बाजूंना कमळं काढली.

"पाणी काय पायऱ्यांनी उतरणार हाय का, शेठ?" सोमाने विचारलं. कमळाकरला हा प्रश्न अडाणी वाटला.

आषाढात डोंगर धो धो वाहिला आणि दोन दिवसांत खाचर मोकळं झालं. खड्डा नुसता गुळगुळ आवाज करत पाणी पीत होता. विहीर हाताला पाणी लागेल इतकी भरली. "बरा झालाय," वनिता म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळच. कमळाकर येईल त्याला शेतावर नेऊन खड्डा दाखवू लागला.

करायला गेला गणपती नि झाला मारुती, असं जगाचं होतं. याचं उलटं झालं. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला शेजारचा भरत अख्खी आळी घेऊन, वाजतगाजत शेतावर हजर.

"नदीवर चिखल हाय रं. तुझा घाट काय झकास हाय! हितंच करू."

वनिताने मागून सदरा ओढला. "अवो, घाट नाय त्यो. सांगा त्यांना."

"देवाला नाय म्हणू काय गो?" कमळाकर म्हणाला. खरं तर त्याला 'झकास' या शब्दाला नाय म्हणवत नव्हतं. आरतीला तोच सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

परतीचा पाऊस आला तेव्हा लोंब्या भरत होत्या. खाचर पुन्हा तुडुंब. खड्डाही तुडुंब, पण गुळगुळ नाही की हालचाल नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच. वनिता बांधावर उभी होती आणि तिच्या हातात फोन होता.

खाचरातून खड्ड्यात पाणी यायचं ते तोंड कमळाकरने मातीने बुजवलं, सोमाने पंप लावून आतलं पाणी उपसलं. पाणी उतरलं आणि तळाला गणपती दिसू लागले. पीतांबर पिवळेधमक, डोळ्यांची रेघ शाबूत. एकाचाही रंग सुटला नव्हता. आतून मात्र प्लॅस्टर सुटून, निर्माल्याच्या गाळात मिसळून रेतीवर पांढरा थर बसला होता, आणि त्यातून थेंब खाली जात नव्हता. मूर्ती बहुतेक त्याच्याच होत्या. हमी शब्दशः खरी ठरली होती.

त्याला इतकी लाज वाटली की वर बघवेना. कंबरभर खड्ड्यात उभा राहून, प्रत्येकाची माफी मागत, तो एकेक मूर्ती वर देऊ लागला. वनिताने फोन कनवटीला खोचला आणि मूर्ती घेऊन बांधावर ओळीने मांडल्या.

"पुढच्या वर्षी लवकर या म्हणतात," ती म्हणाली. "हे तर गेलेच नाय."

सोमा खो खो हसला. कमळाकरही हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं.

थर खरवडून काढला, नवी रेती टाकली, तोंड उघडलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक बुडबुडा आला, आणि पाणी आत ओढलं जाऊ लागलं. खालच्या अंगाचं भात गेलं, वरचं वाचलं. वनिताने प्लॉटवाल्याला फोन केला नाही. कमळाकरने खड्ड्यावर जाळी ठोकली आणि कमळं पुसून टाकली.

कापणीनंतर त्याने शाडूची पहिली मूर्ती केली, शेतावरच बादलीभर पाण्यात ठेवली आणि समोर बसून राहिला.

"काय बघताय?" वनिताने विचारलं.

"जातोय का बघतोय."

आधी सोंड गेली, मग कान, मग पोट. आपल्या हातचं काम असं जाताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. जीव कळवळला.

"चांगला झालेला गो," तो म्हणाला.

"मग चांगला गेला की," वनिता म्हणाली, आणि बादली उचलून तिने ते गढूळ पाणी वालांच्या ओळीत ओतलं. वाल नुकतेच दोन पानांवर आले होते.