मेणावरची रेघ

मित्रांनो, हाडाचा काप पाहिलाय कधी? कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो. असे काप काढणारा मी एक जुना मायक्रोटोम आहे. ओतीव लोखंडाचं अंग, बाजूला चाक आणि पुढे लांब पोलादी पातं. माझी गोष्ट मान खाली घालूनच सांगतो. मध्ये थोडं कौतुक येईल, पण त्याला भुलू नका. मी भुललो होतो.

माझ्या बाई हाडांच्या शास्त्रज्ञ. त्यांच्या आईचे गुडघे चाळिशीतच कुरकुरायला लागले. सांधे का झिजतात हे शोधायचंच, असा बाईंनी तेव्हापासून ध्यास घेतला. लिफ्ट असली तरी आई रोज दुपारी डबा घेऊन प्रयोगशाळेचा जिना चढायची, हाशहुश करत स्टुलावर टेकायची आणि विचारायची, "काय गं, सापडलं का माझं दुखणं?"

"सापडेल गं. तू आधी घाम पूस," बाई म्हणायच्या.

आमचं काम चिकाटीचं. शस्त्रक्रियेत काढलेलं हाड आम्लात मऊ करायचं, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचं आणि मग चाक फिरवून काप काढायचे. हाड मऊ व्हायला आठवडे लागतात. त्या वर्षी बाईंना परिषदेची घाई होती. निरोगी हाडांचे काप झाले होते, पण झिजलेल्या सांध्याचं पहिलं हाड अजून कडकच होतं.

"बाई, चार दिवस थांबा. पातं दुखावेल," काप काढणारे काका म्हणाले.

"चार दिवसांनी परिषद संपेल, काका! फिरवा चाक."

काकांनी चाक फिरवलं. कर्रर्र! धारेला केसाएवढी खाच पडली. कुणाला दिसली नाही, पण माझं अंग शहारलं.

आणि काय सांगू! झिजलेल्या सांध्याच्या प्रत्येक कापात, हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत कूर्चेत, एक बारीक रेघ दिसायला लागली. निरोगी हाडांत मात्र नाही. "काका, भेग!" बाई ओरडल्या. "दुखणं इथून सुरू होतं!"

मग काय विचारता! टाळ्या, बक्षिसं, व्याख्यानं. वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला, शेजारी मी. "हे पातं मला लाभलं," म्हणून बाईंनी ते मखमलीत गुंडाळून ठेवलं. झिजलेल्या सांध्यांना नेहमी तेच पातं, निरोगी हाडांना दुसरं. बाहेरच्या कुणाला भेग सापडली नाही, तर बाई म्हणायच्या, "त्यांचा हात बसला नाही अजून." यंत्राला कुठे बोलता येतं, असं म्हणून मला सुटता येईल. पण खरं सांगतो, बोलता आलं असतं तरी त्या दिवसांत मी बोललो नसतो. मला तो फोटो फार आवडला होता.

बाईंनी आईला मायेनंच बजावलं, "आई, आता चालणं बंद. जिना तर मुळीच नको. भेग वाढेल." दुपारचा डबा बंद झाला. चार वर्षं ती माउली खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिली.

काका निवृत्त व्हायच्या आठवड्यात कपाट आवरत होते. ते मखमलीतलं पातं नीट चालतंय का, म्हणून त्यांनी नुसत्या मेणाचा एक काप काढला. सूक्ष्मदर्शकात डोकावले. मग बाईंना हाक मारली. "बाई, हे बघा जरा."

"भेग आहे की. कुठल्या रुग्णाची?"

"हे नुसतं मेण आहे, बाई. मेणाला कुठला आलाय संधिवात?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पातं बदललं आणि झिजलेल्या सांध्याचा नवा काप काढला. त्यात रेघ नव्हती. तेव्हा मला वाटलं, माझं लोखंड वितळून जमिनीत जावं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपला शोध मागे घेत असल्याचं पत्र तो छापणाऱ्या मासिकाला पाठवलं. मग आईला लिफ्टनं वर आणून त्याच स्टुलावर बसवलं.

"आई, भेग नव्हतीच. माझ्या घाईनं पात्याला खाच पडली होती."

आईनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "म्हणजे चार वर्षं मी उगीच बसले?"

"हो, आई."

"डॉक्टर सांगत होते, चालत राहा. मी म्हटलं, त्यांना काय कळतंय! माझी लेक शास्त्रज्ञ आहे." बाई रडायला लागल्या. आई उठली. "हात धर. जिन्यानं उतरू."

दार उघडंच होतं. मी पायऱ्या मोजत होतो. पाचवीवर आईचा आवाज आला, "बस्स गं. पायांत जीवच राहिला नाही." मग लिफ्टची घंटी वाजली.

मित्रांनो, आता ते खाच पडलेलं पातं माझ्यासमोर भिंतीवर टांगलंय. रोज सकाळी पहिला काप नुसत्या मेणाचा काढतात आणि मगच हाडाला हात लावतात. तुमच्याही हातात यंत्र येईल. त्याला पुसा, तेल द्या, ते करकरलं तर थांबा. आणि लोक टाळ्या वाजवायला लागले, तर आधी मेणाचा काप काढून बघा. ही माझी हात जोडून विनंती.

आमचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे. परवा आई नऊ चढली आणि दम लागून तिथेच बसली. बाई डबा घेऊन खाली गेल्या आणि तिच्याशेजारी पायरीवर जेवायला बसल्या.