टेलरचा निरोप

श्यामलाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि ओट्यावर थरथरणारा सुनेचा फोन उचलला. रम्या न्हाणीघरात होती आणि फोन काही थांबायला तयार नव्हता. तिच्या ऑफिसचं काही तातडीचं असेल म्हणून उचलला, एवढंच.

“अक्का, टेलरकडून बोलतेय. तुमचा ब्लाउज शिवून झालाय. शनिवारी येऊन घेऊन जा, सरी?”

“सरी,” श्यामलाबाईंनी सवयीनं कानडीत ‘बरं’ म्हटलं. फोन खाली ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय ऐकलं ते.

हा निरोप त्यांनीच बसवलेला होता, शब्दन् शब्द. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमागच्या वस्त्यांत त्या एका संस्थेचं काम करत. नको असताना दिवस जाऊ नयेत म्हणून बायकांना गोळ्या, तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळवून द्यायचं, हे ते काम. सुरुवातीला संस्थेच्या केंद्रातून सरळ फोन जायचा, इंजेक्शनची तारीख आली म्हणून. एकदा तो एका नवऱ्यानं उचलला. ती बाई सुजलेला डोळा घेऊन एकदाच आली आणि पुढे दिसलीच नाही. तेव्हा श्यामलाबाईंनी हा टेलर जन्माला घातला. केंद्राच्या पुढच्या खोलीत जुनं शिलाई मशीनसुद्धा आणून ठेवलं. ब्लाउज आणायला निघालेल्या बाईला ना नवरा अडवतो ना सासू. टेलर आपणहून फोन करतो, एवढीच काय ती न पटण्यासारखी गोष्ट; पण ती आजवर एकाही सासूच्या ध्यानात आली नव्हती.

आणि रम्या बाहेर ब्लाउज शिवायला टाकतच नसे. कोरमंगलाच्या ऑफिसात ती कुर्ते घालून जायची. तिच्या दोन-चार साड्यांचे ब्लाउज श्यामलाबाईंनीच घरी शिवले होते.

फोनवरचा आवाज कुणा नव्या मुलीचा होता; त्या बाल्कनीत गेल्या आणि केंद्रातल्या अक्षराला फोन लावला. अक्षरा त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, त्यांच्या डब्यातलं खाल्लेली मुलगी.

“माझी सून येते तुझ्याकडे?”

अक्षरा म्हणाली, “अक्का, कोण येतं ते मी कुणालाच सांगत नाही.”

“मी कुणी परकी झाले का गं?”

“तुमच्याच हाताखाली शिकले ना, अक्का.” तिचा आवाज रडवेला झाला होता.

श्यामलाबाईंनी फोन बंद केला. आत हॉलच्या कोपऱ्यात पाळणा होता. लेकाच्या, अभिराजच्या लग्नानंतर त्यांनीच तो माळ्यावरून काढून पॉलिश करून घेतला होता. वाळवी लागेल, असं कारण दिलं होतं. मूल होण्याबद्दल त्यांनी सुनेला तोंडानं कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. रिकामा कशाला म्हणून त्यात वाळलेले कपडे टाकायचे, आणि रम्या रोज संध्याकाळी तिथे बसून त्यांच्या घड्या करायची. त्यात भर श्यामलाबाईंच्या मोठ्या नणंदेची, अंबुबाईंची. प्रत्येक सणाला त्या विचारायच्या, “काय, काही बातमी?” आणि दर वेळी श्यामलाबाई सुनेपुढे ढाल होऊन उभ्या राहायच्या. देवाच्या मनात आलं की होईल, वन्सं, म्हणायच्या. म्हणताना आवाज भरून यायचा, तो काही नाटकी नव्हता.

रम्या ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आली. फोनवरचे पिठाचे ठसे तिनं पाहिले.

“टेलरचा निरोप होता,” श्यामलाबाई म्हणाल्या. “शनिवारी बोलावलंय.”

रम्यानं टॉवेलाच्या टोकानं ते ठसे पुसले.

“अभीला ठाऊक आहे?” श्यामलाबाईंनी विचारलं.

“तोच सोडतो गाडीवरून. खाली थांबतो.”

हे मात्र त्यांना सोसलं नाही. पोटचा पोरगा खाली गाडी लावून उभा राहतो, घरी येतो, आणि आईच्या हातचं जेवताना एक अक्षर बोलत नाही. विश्वासानं मांडीवर मान ठेवावी तर घरच्यांनीच केसानं गळा कापला.

“शहरात दुसरे डॉक्टर नव्हते?”

“होते ना. पण तुमच्या केंद्रातली गोष्ट बाहेर फुटत नाही, अत्ते. असं दुसऱ्या कुठल्या जागेबद्दल मी कधी ऐकलं नाही.” रम्यानं केसांवरचा टॉवेल सोडला. “मला अजून मूल नकोय. पुढे हवं होईल का, तेही ठाऊक नाही.”

“अगं, मग मला सांगायचंस! साऱ्या जगाच्या सुना मला सांगतात. तुला मीच नको झाले?”

रम्या पाळण्यापाशी गेली, त्यातले कपडे उचलले आणि खाली बसून घड्या करू लागली.

दोन दिवस श्यामलाबाई तिच्याशी कामापुरतं बोलल्या, अभिराजशी तेवढंही नाही. शनिवारी सकाळी अंबुबाई मुक्कामाला आल्या. रम्या पर्स घेऊन दाराशी गेली तशी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“सुट्टीच्या दिवशी कुठे गं निघालीस?”

रम्याचा हात कडीवर राहिला. अभिराज चपला घालता घालता आईकडे बघू लागला. एक शब्द पुरे होता. इतक्या सणांना ऐकून घेतलेलं सगळं अंबुबाईंच्या पदरात ओतून श्यामलाबाई मोकळ्या झाल्या असत्या, आणि तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलाही होता.

“ब्लाउज शिवून झालाय तिचा,” त्या म्हणाल्या. “आणायला चाललीय.”

“बाहेर शिवला? आण, बघू तरी. घालून दाखव हो मला.”

रम्याचा चेहरा उतरला. श्यामलाबाई आतल्या खोलीत गेल्या. कपाटात तळाशी मलमलीत गुंडाळलेला हिरवा रेशमी ब्लाउज होता. पाळणा खाली आणला त्याच महिन्यात नातवंडाच्या बारशाला म्हणून त्यांनी तो स्वतःसाठी शिवून ठेवला होता, कुणाला न सांगता. तो त्यांनी कागदी पिशवीत घातला, पदराआड धरून जिन्यापर्यंत जाऊन सुनेच्या हातात दिला आणि तिच्याकडे न बघता परत फिरल्या.

दुपारी रम्या तो घालून अंबुबाईंपुढे उभी राहिली. खांद्यावरून तो घसरत होता.

“अगंबाई, केवढा ढगळ! कसला गं तुमचा टेलर?”

“द्या इकडे, मी करते बारीक,” श्यामलाबाई म्हणाल्या.

रम्या ब्लाउज बदलून आली आणि तो पुढे करून तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. श्यामलाबाईंना ते दिसलं, पण त्यांच्या मनातला सल काही गेला नव्हता, आणि गेला असं दाखवायची त्यांची तयारीही नव्हती.

“नीट उभी राहा,” त्या म्हणाल्या. टेप तिच्या छातीभोवती धरून त्यांनी माप घेतलं. मग खिडकीशी बसून ब्लेडनं बारशाच्या ब्लाउजची शिवण उसवायला लागल्या.